खांद्याला झेपेल अशी मशीन

मशीन फिरत होती आणि टाका पडत नव्हता. सुई वर जात होती, खाली येत होती, कापडाला भोकं पडत होती, पण दोरा खालच्या दोऱ्यात गुंततच नव्हता. माझ्या हातात नवरीचं हळदीचं पोलकं होतं. बाजूला तिच्या आत्या-मावश्यांना आहेरात द्यायची पाच पोलकी कापून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी हळद. उमरेडहून पाव्हणे संध्याकाळी यायचे होते. नवरीची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. 

मशीन नवी होती, घेऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. जुनी मी दुकानदाराला बदल्यात देऊन टाकली होती, त्यामुळे घरी पळत जाऊन ती आणायची सोय नव्हती. हे लग्नघर माझ्या हातून बिघडलं असतं तर तांडापेठेच्या विणकर वस्तीतल्या कुठल्याच घरात मला परत कोणी बोलावलं नसतं. बायांमध्ये अशी गोष्ट पसरायला आठवडा लागत नाही.

जुनी मशीन माझ्या आईकडून आलेली. आई रेल्वे कॉलनीत एका मडमेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मडम विलायतेला निघाली तेव्हा पलंग विकले, कपाटं विकली, मशीन मात्र आईला दिली. मी तेव्हा चौथी होऊन घरी बसले होते. आईला शिवता येत नव्हतं, म्हणून मी शिकले. हाताने फिरवायची काळी मशीन, अंगावर सोनेरी वेल, तोही माझ्या मनगटाखाली घासून गेलेला. तिच्या पोटात आताच्या मशीनसारखी गोल डबी नव्हती. होडीच्या आकाराचा लांबोळका तुकडा होता, तो मागे-पुढे झुलायचा. आम्ही त्याला होडीच म्हणायचो. नवऱ्याला ताप आला तर मी पेज करून ठेवून कामावर जात असे. होडी अडकली तर मला जेवण जात नसे. हे नवऱ्यालाही माहीत होतं आणि त्याची त्याने कधी तक्रार केली नाही.

नवरा गिरणीत होता, बहुतेक रात्रपाळीला. कर्नलबागेत आमची एकच खोली. तो सकाळी येऊन झोपायचा, आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी मशीन चालवता येत नाही. म्हणून मी लोकांच्या घरी जाऊन शिवत असे. आमच्याकडे विणकर कोष्ट्यांच्या घरी लग्न निघालं की शिवणाऱ्या बाईला आठ-दहा दिवस घरीच बोलावत. तिथंच माप घ्यायचं, तिथंच बेतायचं, तिथंच जेवायचं. मोठ्या बाया पुरुष शिंप्याकडून माप घेऊ देत नसत, आणि लग्नाला आलेली प्रत्येक पाव्हणी माझंही एक शिवून द्या म्हणून कापड पुढे करायचीच. मशीन मी कडेवर घेऊन जात असे. लांब असेल तर रिक्षा, पण गल्लीच्या तोंडापासून आत पुन्हा कडेवरच. पाणी भरलेल्या दोन घागरींएवढं वजन होतं तिचं, वर लाकडी पेटी.

एका उन्हाळ्यात डावा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी नवऱ्याने घालून दिली, ती कशी असेल ते सांगायला नको. डॉक्टरने विचारलं, काय उचलता. मी सांगितलं, मशीन. तो म्हणाला, आता उचलू नका. मग खाऊ काय, असं मी विचारलं. त्याने गोळ्या लिहून दिल्या.

त्याच सुमारास होडीचं टोक झिजलं. इतवारीतला मिस्त्री दर महिन्याला ते कानशीने घासून द्यायचा. शेवटी म्हणाला, आता घासायला लोखंडच उरलं नाही, आणि हा तुकडा बनवणारे आता कोणी नाहीत.

नवऱ्याने त्याच्या परीने तोड काढली. घरीच स्टँडवरची पायमशीन ठेव, रेडिमेडवाल्याच्या चड्ड्या शिव, मी कानात कापूस घालून झोपतो. मी शेजारणीची पायमशीन चार दिवसांसाठी आणून पाहिली. तीन दिवस तो कापूस घालून पडून राहिला आणि मला वाटत राहिलं की हा झोपलेला नाही, नुसते डोळे मिटून आहे. चौथ्या दिवशी गिरणीत त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली, हात यंत्राच्या पट्ट्यात जाता जाता वाचला. जॉबर म्हणजे त्याचा मुकादम, त्याने शिव्या घातल्या. तो घरी आला आणि एवढंच म्हणाला, "तुही मशीन नि माही झोप एका खोलीत नाही राहू शकत वं." मी पायमशीन त्याच दिवशी परत केली.

म्हणजे मला काय हवं होतं ते ठरलं. आता कडेवर नेता येईल अशी हलकी आणि हाताने चालणारी. पुढे नवरा रिटायर झाला, दिवसा जागा राहू लागला, की तीच स्टँडवर बसवून पायाने चालवता आली पाहिजे. दोन मशीन घ्यायची ऐपत नव्हती आणि खोलीत जागा नव्हती. पण अशी मशीन हवी हे ठरवणं वेगळं आणि ती मिळणं वेगळं. तो दीड महिना मी एका जागी बसले नाही. भाजी आणायला निघायची आणि मशीनच्या दुकानापुढे जाऊन उभी राहायची. घरी येऊन तांदूळ निवडायला घ्यायची आणि निवडलेले परत निवडायची. आज हे घ्यावं वाटे, उद्या ते. नवरा म्हणाला, पोरीसाठी स्थळ पाहतानासुद्धा तू एवढी फिरली नव्हती. खरं होतं. पोरीचं स्थळ एकाच दिवसात ठरलं होतं.

सीताबर्डीच्या एका दुकानात काळी, मजबूत, माझ्या जुनीसारखीच वजनदार मशीन होती. चालायला लोण्यासारखी. मी ती उचलून पाहिली आणि खांद्याने तिथंच उत्तर दिलं. दुसऱ्या दुकानात बाहेरदेशाची होती, पांढरी, सुटकेससारख्या डब्यात, एका हाताने उचलावी इतकी हलकी. पण ती विजेवर. मी ज्या घरांत जायची त्यांतल्या निम्म्या घरांत एका दिव्यापुरतीच वीज होती, तीसुद्धा मागाच्या खोलीत. दुकानदार म्हणाला, बाई, जमाना विजेचा आहे. मी म्हटलं, जमाना असेल, प्लग कुठाय.

मशीन पाहण्याची माझी एक रीत होती. दुकानदार नेहमी खळ दिलेल्या कडक कापडाची दुहेरी घडी देतात. त्यावर कुठलीही मशीन सुरेख चालते. मी घरून माझ्या कापडाची पिशवी नेत असे. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, खणाचा तुकडा, आणि मांजरपाटाची चौपदरी घडी. लुगड्यावर टाका गोळा झाला की मी उठत असे. काही दुकानदार मला लांबून ओळखायला लागले होते आणि ओळखून आनंद झाल्याचं दाखवत नव्हते.

शेवटी जरीपटक्यात एका सिंध्याच्या दुकानात मिळाली. नेहमीच्या मशीनच्या पाऊण आकाराची, हिरवी, अंग हलक्या धातूचं. मुठीचा दांडा दोन स्क्रू काढले की निघायचा आणि तीच मशीन स्टँडवर बसायची. मी ती कडेवर घेतली आणि दुकानातून बाहेर रस्त्यावर निघाले. दुकानदार घाबरून मागे आला. मी त्याला सांगितलं, पळून जात नाही, खांदा काय म्हणतो ते पाहते. सब्जीवाल्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. खांदा काही म्हणाला नाही.

मग टेबलावर शिवायला नको म्हणून मी खाली बसले, कारण लोकांच्या घरी मी खालीच बसते. हलकी मशीन फरशीवर सरकायला लागली. दर फेऱ्याला बोटभर पुढे. जुनी आपल्या वजनाने बसून राहायची, हिला वजनच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "माई, इसको टेबल पे चलाओ." मी त्याच्याकडून एक पोतं मागितलं, ओलं करून पिळलं, मशीनच्या पाटाखाली घातलं. मग सरकली नाही. लुगडं चाललं, खण चालला, चौपदरी मांजरपाट जरा कण्हत चालला. दुकानात तिघे-चौघे गिऱ्हाईक उभे राहून पाहत होते.

तरी त्या दिवशी घेतली नाही. इतवारीत मिस्त्रीकडे गेले. तो म्हणाला, हलकी मशीन, हलकं काम. मला राग आला. मी म्हटलं, तुझी भारी कानस काय कामी आली? दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी जुनी मशीन रिक्षात घालून जरीपटक्यात गेले.

दुकानदाराने जुनी घेतली आणि खालच्या फळीवर एका मोडक्या पंख्याशेजारी ठेवली. मी म्हटलं, तिथं नका ठेवू, गंज धरेल. तो म्हणाला, माई, आता ती माझी आहे. बरोबर बोलला. मग तो नवी मशीन पुढे घेऊन दोरा कसा घालायचा, डबी कशी भरायची, सुई कशी बसवायची ते सांगू लागला. मी त्याला थांबवलं. डबी मला दिसत होती, भरता येत होती. मी म्हटलं, तुमच्या तोंडाला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मी शिवते, मला सुई शिकवू नका. तो हसला आणि पेटीचं झाकण लावलं. ते वाक्य मी बोलले नसते तर पुढचं काही झालं नसतं.

तांडापेठेतलं घर हे नव्या मशीनवरचं पहिलंच काम. विणकरांचं घर, मागच्या खोलीत दोन माग. नवरीची आई, नवरी, आणि नवरीची काकू, या तिघींशीच माझा संबंध. पुरुष मांडवाच्या कामात होते. काकू विधवा होती, लुगडं विणायची. लग्न असलं तरी एका व्यापाऱ्याचा माल द्यायचा होता म्हणून तिचा माग चालूच होता. पहिले दोन दिवस मशीन सुरेख चालली. ओलं पोतं पाहून नवरीची आई म्हणाली, "बाई, मशीनले उन्हाळा लागते काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. खांदा दुखत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी हळदीच्या पोलक्याच्या बाहीला जरीचा काठ लावताना सुई तुटली. जाड शिवण, सुई तुटते, त्यात काही नाही. तुटका तुकडा काढला, पाकिटातली नवी घातली. पाकीट माझं जुनंच, सुया त्याच. सव्वीस वर्षं जशी घालते तशी घातली, दोरा जसा ओवते तसा ओवला. आणि टाका पडेना.

दोरा बदलला. डबी काढून पुन्हा भरली. तेल दिलं. वरचा स्क्रू आवळला, सैल केला. दुसरी सुई घातली. तिसरी घातली. पोलक्याच्या काठावर भोकांची रांग उमटली, तेवढंच. मी उठले, पाणी प्याले, परत बसले. परत उठले. नवरीची आई दारात येऊन उभी राहिली ती याच वेळी. नवरी कोपऱ्यात बसून माझ्या हाताकडे पाहत होती. मी दुकानदाराच्या नावाने बोलायला सुरुवात केली. हलकी वस्तू दिली, मऊ वस्तू दिली, मला म्हातारीला फसवलं. तेव्हा मी म्हातारी नव्हते, चाळिशीचीही नव्हते. मिस्त्रीचं वाक्यही आठवलं आणि त्याचाही राग आला.

शेवटी नवरीची आई बोलली. गोळीबार चौकातल्या शिंप्याकडे कापलेली पोलकी पाठवू काय, असं तिने विचारलं. हळू विचारलं, पण विचारलं.  मी मशीन पेटीत घालायला लागले. तशीच कडेवर घेऊन चालत जरीपटक्यात जायचं, ती त्याच्या काउंटरवर आपटायची आणि जुनी मागून आणायची, असं माझ्या डोक्यात होतं. म्हणजे मी ते घर सोडून जात होते. परत आले असते तोवर पोलकी शिंप्याकडे गेली असती.

मागच्या खोलीतला माग थांबला. काकू पदराला हात पुसत बाहेर आली. तिला मशीन चालवता येत नव्हती, तिने आयुष्यात कधी हात लावला नव्हता. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि सुईकडे पाहू लागली.

"काहून वं बाई, सुईचं तोंड कोणतं नि पाठ कोणती?" तिने विचारलं.

सुईला कुठलं आलं तोंड, मी म्हटलं.

"आमच्या धोट्याले असते. डोळा विणणारीकडं पाह्यजे. उलटा घातला का धागा नुसता ओढत जाते, कापड होत नाही." मागावर जो लाकडी धोटा धागा घेऊन आडवा पळतो, त्याबद्दल ती बोलत होती. "हिची एक बाजू चापट दिसून राहिली. तुमी ते चापट कोणीकडं करून घालता?"

उजवीकडे, मी सांगितलं. सव्वीस वर्षं उजवीकडे घालते.

"जुन्या मशीनीत," ती म्हणाली.

 ती अजून सुईकडेच पाहत होती. तिने मला वाईट वाटावं म्हणून ते म्हटलं नव्हतं, तिला खरंच ते पाहायचं होतं. मी पेटीचं झाकण काढलं, सुई सैल केली, चापट बाजू डावीकडे केली, आणि दोरा आजवर ज्या बाजूने घालत आले त्याच्या उलट बाजूने घातला. मूठ फिरवली. चिंधीवर टाका पडला. दुसरा पडला. मी चिंधी फिरवून खालची बाजू पाहिली, तीही बरोबर होती. दुकानात मी जी सुई चालवून पाहिली होती ती दुकानदारानेच बसवलेली होती, दोराही त्यानेच ओवलेला, रंग बदलताना मी नवा दोरा जुन्याला गाठ मारून ओढून घेत असे, आणि सुई तुटेपर्यंत मला हे कळायचं काही कारण नव्हतं. त्याने सांगायला तोंड उघडलं होतं, ते मी बंद केलं होतं.

नवरीची आई चौकटीपासून बाजूला झाली. म्हणाली, "आता बाप्पा, सुईच पाठ करून बसली होती म्हणा की." काकू हसत आत गेली आणि माग पुन्हा सुरू झाला.

पोलक्याच्या काठावरची भोकं मी नखाने घासून बुजवली, काठ दोन सूत, म्हणजे पाव इंचभर, आत घेतला. पाव्हणे आले तेव्हा हळदीचं पोलकं आणि आहेराची तीन तयार होती. उरलेली दोन मी हळदीच्या सकाळी मांडवात बसून शिवली, पाव्हण्या येऊन येऊन मशीनकडे पाहत होत्या, आणि त्यांतल्या एकीने मला तिच्या मुलीच्या लग्नाला उमरेडला बोलावलं. पुढे तांडापेठेत कित्येक वर्षं मला गल्लीत शिरताना पाहून कोणी ना कोणी विचारायचंच, बाई, सुई सरळ आहे ना. मी म्हणत असे, तुमच्या नवऱ्यापेक्षा सरळ आहे. पण बोलवायच्या, आणि शिंप्याकडे कोणी जात नसे.

लग्न आटोपल्यावर मी जरीपटक्यात गेले. मशीन काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला म्हटलं, त्या दिवशी काय सांगत होतात ते आता सांगा. त्याने सगळं सांगितलं, सुईपासून. मी मध्ये एकदाही बोलले नाही.

नवरा रिटायर झाला तेव्हा दांडा काढून मशीन स्टँडवर बसवली. त्याला आता दिवसा झोप येत नव्हती, तर तो म्हणायचा मशीनच्या आवाजात बरं वाटतं. तरी लग्नघराचं बोलावणं आलं की मी दांडा पुन्हा लावत असे आणि कडेवर घेऊन निघत असे. खांद्याने शेवटपर्यंत साथ दिली. डोळ्यांनी सोडली, तेव्हा काम थांबवलं.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही चौघी होतो. नवरीची आई गेली. काकू तिच्या आधी गेली. नवरी आता नातवंडांची आजी आहे, उमरेडला असते. आणि एक मी.